न झालेल्या गोलाची नोंद : राहुल भेके यांची कारकीर्द आणि बचावाचा इतिहास

जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला. या मोहिमेत बाजी भिवराव गोळी लागून पडले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई पोर्तुगीजांच्या हातून गेली. या घटना इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात सापडतात. परंतु तोच किल्ला त्याआधी किती वेळा पडता पडता वाचला, कोणत्या रात्री कोणत्या बुरुजावरील पहाऱ्याने कोणते संकट वेळीच ओळखले, याविषयी मात्र पुस्तके बहुधा गप्प असतात. किल्ला पडणे ही घटना आहे. किल्ला न पडणे ही घटना नव्हे. ती केवळ एक स्थिती आहे, आणि स्थितीला तारीख नसते. बचावाचे काम ज्यांच्याकडे असते त्यांच्या चरित्रकारापुढे हीच मुख्य अडचण उभी राहते. त्यांचे यश नोंदीत रिकाम्या जागेसारखे दिसते, अपयश मात्र तिथीवारासह लिहिले जाते.

तारापूरच्याच परिसरात या अडचणीवर माणसाने शोधलेला एक साधा उपाय पाहावयास मिळतो. आज बोईसर-तारापूर हे नाव उच्चारताच किल्ल्यापेक्षा ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊ लागलेले अणुकेंद्र आणि रसायने, पोलाद व कापड यांची औद्योगिक वसाहत प्रथम डोळ्यांपुढे येते. मोठ्या कारखान्यांच्या दाराशी अपघाताविना गेलेल्या दिवसांचा आकडा दाखविणारी पाटी लावण्याची पद्धत आहे. हा आकडा दररोज एकाने वाढतो. जे घडले नाही त्याची मोजणी करणारी अशी साधने फार थोडी आहेत. अर्थात या पाटीवरही दिवस तेवढे दिसतात. त्या दिवसांत कोणी कोणती झडप वेळेवर बंद केली, ते तेथे लिहिलेले नसते.

फुटबॉलच्या खेळात हा प्रश्न अधिक स्पष्टपणे पुढे येतो, कारण या खेळात गुण मिळविण्याचा मार्ग एकच आणि तो म्हणजे गोल. नव्वद मिनिटांत बावीस माणसे जे काही करतात त्यांपैकी दोन-तीन क्षणच अंतिम आकड्यांत उतरतात, आणि ते बहुधा आक्रमकाचे असतात. या दृष्टीने एका व्यावसायिक बचावपटूची कारकीर्द तपासून पाहणे उद्बोधक ठरेल. त्यासाठी राहुल भेके यांचे उदाहरण घेण्यास विशेष कारण आहे. भेके मुंबईचे. चर्चगेटहून निघणारी जी रेल्वे अंधेरी, विरार, पालघर, बोईसर अशी डहाणूकडे जाते, तिच्या एका टोकाजवळ कूपरेजचे मैदान आहे. मुंबईच्या फुटबॉलचे दार दीर्घकाळ तेच होते. बोईसरहून ते सुमारे शंभर किलोमीटर दूर पडते. पालघर-बोईसरच्या एखाद्या मुलाला बचावपटू म्हणून पोट भरावयाचे असेल तर त्याची वाटही भेके ज्या व्यवस्थेतून गेले तिच्यातूनच जाणार.

प्रथम शब्दांकडे पाहू. इंग्रजी खेळाने बचावपटूला मूळ नाव दिले ते त्याच्या जागेवरून. तो मागे उभा राहणारा, म्हणून ‘बॅक’. पुढे ‘फुलबॅक’, ‘हाफबॅक’ अशी अंतरे त्यात आली. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. आक्रमकापुढे प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असावेत ही अट जाऊन दोनांवर आली, आणि गोलांचा पूर लोटल्यामुळे मधल्या हाफबॅकला मागे ओढून तिसरा बॅक निर्माण करावा लागला. आपल्याकडे त्याला ‘स्टॉपर’ म्हणू लागले. जागेच्या नावाच्या ठिकाणी कामाचे नाव आले. मराठीने मात्र पहिल्यापासून कामच पकडले. ‘बचाव’ हा शब्द ‘बचणे’ या धातूपासून आला, आणि ‘बचत’ ही त्याचीच बहीण. खर्च झालेला पैसा हिशेबात ठसठशीत दिसतो, वाचलेला पैसा केवळ शिलकेच्या रकान्यात गुपचूप बसतो. बचावपटूचेही तसेच आहे. ‘बचावफळी’तील ‘फळी’ ही तर सरळ रणांगणावरून आलेली आहे. सैनिकांच्या रांगेला मराठीत फळी म्हणत, आणि शत्रू येई तो फळी फोडण्यासाठी.

याहून सूक्ष्म गोष्ट क्रियापदांत आहे. आक्रमकाने ‘गोल केला’, हे कर्तरी, होकारार्थी, भूतकाळातले स्वच्छ वाक्य झाले. बचावपटूविषयी आपण म्हणतो, त्याने ‘गोल होऊ दिला नाही’. येथे मुख्य क्रियेचा कर्ता तो नाही. ‘देणे’ या सहायक क्रियापदाने त्याच्याकडे केवळ अनुमती उरते, आणि तीही नकारार्थी. सामन्याचे वृत्त लिहिणाऱ्याच्या हाती भाषाच अशी साधने देते, की बचाव हा कृती म्हणून न दिसता अडथळा म्हणून दिसावा. वृत्त लिहिणाऱ्याला त्याबद्दल फार दोष देता येत नाही.

भेके यांचा जन्म ६ डिसेंबर १९९० चा. ते ज्या मुंबईत वाढले तेथील फुटबॉलची घडी त्याच सुमारास विस्कटत होती. पूर्वी येथे खेळाडूचा क्लब म्हणजे त्याचा मालक असे. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, बँका, एअर इंडिया अशी ही नावांची माळ आहे. खेळाडू हजेरीपटावर कारकून किंवा कामगार असे आणि संध्याकाळी मैदानावर बॅक. कॅल्टेक्सने १९५८ साली रोव्हर्स चषक जिंकला तो अशाच संघाच्या बळावर. ही पद्धत आज अनेकांना मागासलेली वाटते. तरीही तिच्यात एक गुण होता, तो येथे सांगितला पाहिजे. गुडघा दुखावलेल्या बचावपटूची नोकरी जात नसे, आणि पस्तिशीनंतरही त्याला पगार व निवृत्तिवेतन मिळत असे. ज्याच्या कामाची मोजदाद होत नाही त्याला मोजदादीवर अवलंबून नसलेला पगार मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

१८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स स्पर्धा २०००-०१ नंतर भरली नाही. त्या वेळी भेके दहा वर्षांचे होते. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद केला. एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना २०१३ मध्ये क्लब-परवान्याच्या अटींमुळे आय-लीगमधून बाहेर पडावे लागले. कारण अटी स्वतंत्र क्लबांसाठी होत्या, आणि हे संघ कचेऱ्यांचे अवयव होते. अशा स्थितीत २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफ. सी. हा नव्या धर्तीचा क्लब शहरातील खेळाडूंचा आधार बनला. खालिद जमील त्याचे प्रशिक्षक होते. कूपरेजचे मैदान दुरुस्तीसाठी बंद असल्याने काही वर्षे मुंबईचे संघ आपले ‘घरचे’ सामने पुण्यात बालेवाडीला खेळत. घरच्या मैदानासाठी ज्यांना घाट चढावा लागे, त्यांच्या प्रेक्षकसंख्येविषयी वेगळे सांगावयास नको. भेके यांची घडण या क्लबात झाली. तो क्लबही २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि बंद पडला.

कारखान्याच्या हजेरीपटावरून हंगामी करारावर आलेला हा बदल भेके यांच्या पुढील वर्षांत ठळकपणे दिसतो. २०१४ मध्ये ते कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेले. त्याच वर्षी इंडियन सुपर लीग सुरू झाली. आरंभीची तीन वर्षे ही नवी स्पर्धा वर्षाच्या अखेरीस दोन-अडीच महिने चाले आणि त्यानंतर आय-लीग. त्यामुळे एकाच वर्षात खेळाडू दोन मालकांकडे, पैकी एकाकडे उसनवारीने, काम करू लागले. भेके २०१५ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडे आणि २०१६ मध्ये पुणे सिटीकडे अशाच उसनवारीवर गेले. बचावपटूच्या दृष्टीने ही व्यवस्था विशेष जाचक होती. आक्रमक एकट्याच्या कौशल्यावर एखादा गोल करू शकतो. बचावफळी मात्र चार माणसांच्या परस्पर सवयीवर उभी असते. शेजारी केव्हा पुढे सरकेल, केव्हा थांबेल, गोलरक्षक ओरडला तर त्याचा अर्थ काय, हे सारे महिनोन्‌महिने सोबत खेळून अंगी मुरते. ही सवय जेमतेम जडते तोच हंगाम संपे.

२०१७ मध्ये बेंगळुरू एफ. सी. कडे गेल्यावर भेके यांना स्थैर्य लाभले. तेथे चार हंगाम ते उजव्या बाजूला आणि प्रसंगी मध्यभागी खेळले. हाताने लांबवर चेंडू फेकण्याचे त्यांचे कसब याच काळात प्रसिद्धीस आले.

यानंतरच्या कारकिर्दीतील दोन रात्री परस्परांशेजारी ठेवल्या असता मूळ प्रश्नाचे दोन्ही चेहरे दिसतात. दोन्ही रात्री दोहा शहरातल्या आहेत आणि प्रतिस्पर्धी दोन्ही वेळा कतार आहे.

भेके यांचे आंतरराष्ट्रीय पदार्पण ५ जून २०१९ रोजी थायलंडमधील किंग्ज कप स्पर्धेत कुरसाओविरुद्ध झाले. तो सामना भारताने १-३ असा गमावला. त्यानंतर तीन महिन्यांनी, १० सप्टेंबर २०१९ रोजी, विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत कतारशी खेळला. कतारने त्याच वर्षी आशिया चषक जिंकला होता. सुनील छेत्री तापामुळे संघात नव्हते. भेके उजवीकडे, संदेश झिंगन आणि आदिल खान मध्ये, मंदार राव देसाई डावीकडे अशी भारताची फळी होती. कतारने सामनाभर मारा केला आणि सामना ०-० असा सुटला. गटातील आठ सामन्यांपैकी कतारने सात जिंकले. बरोबरी झाली ती या एकाच सामन्यात. श्रेय गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू यांना मिळाले, आणि ते रास्तच होते, कारण अडविलेला फटका डोळ्यांना दिसतो. परंतु जे फटके मारलेच गेले नाहीत, कोणाच्या तरी उभे राहण्यामुळे चेंडू वळवून मागे द्यावा लागला, ते कोणाच्या खात्यावर टाकावयाचे? ‘०-०’ या नोंदीत चारही बचावपटू अंतर्धान पावतात.

दुसरी रात्र ३ जून २०२१ ची. सामना सुरू होऊन सतरा मिनिटे झाली असता भेके यांना दुसरे पिवळे कार्ड मिळाले. चेंडू हाताला लागला होता. ते मैदानाबाहेर गेले. भारताने उरलेला सामना दहा खेळाडूंनिशी खेळला आणि ०-१ असा गमावला. या सामन्याच्या प्रत्येक नोंदीत भेके यांचे नाव आहे, मिनिटासह आहे. पहिल्या रात्री त्यांनी नव्वद मिनिटे आपली बाजू राखली, त्याची नोंद नाही. दुसऱ्या रात्री सतरा मिनिटांत चूक झाली, ती कायमची नोंदली गेली. लाल कार्ड मिळणे ही चूकच होय आणि तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो दप्तराच्या न्यायाचा.

परंतु भेके यांच्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य एवढ्यावर संपत नाही. लोकांना ते आठवतात ते एका तिसऱ्याच कारणाने, गोलांसाठी. २० एप्रिल २०१८ रोजी भुवनेश्वर येथे सुपर कपच्या अंतिम सामन्यात बेंगळुरू संघ ईस्ट बंगालविरुद्ध पिछाडीवर होता. बरोबरीचा गोल भेके यांनी आपल्या जुन्या क्लबावर केला, आणि बेंगळुरूने सामना ४-१ असा जिंकला. पुढच्या वर्षी १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानावर सुपर लीगचा अंतिम सामना होता. बरोबर एक वर्षापूर्वी, १७ मार्च २०१८ लाच, बेंगळुरूने अंतिम सामना चेन्नईयिनकडून २-३ असा गमावला होता. या वेळी समोर गोवा होता. नव्वद मिनिटे गोलशून्य गेली. जादा वेळेत गोव्याच्या अहमद जाहूला दुसरे पिवळे कार्ड मिळाले. ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेला चेंडू भेके यांनी डोक्याने जाळ्यात धाडला आणि बेंगळुरूने प्रथमच हे विजेतेपद मिळविले.

२०२१ मध्ये भेके मुंबई सिटीकडे आले. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या वायुदल क्लबाविरुद्ध मुंबईने १-० ची पिछाडी भरून काढली. दिएगो मॉरिसिओ यांनी पेनल्टीवर बरोबरी साधली, आणि ७५ व्या मिनिटाला कॉर्नरवर भेके यांच्या डोक्याने विजयी गोल केला. कॉर्नर मारणारे होते तेच जाहू, आता मुंबईच्या पोशाखात. या स्पर्धेत भारतीय क्लबाने मिळविलेला हा पहिला विजय. भारताकडून भेके यांचा पहिला गोल १८ नोव्हेंबर २०२४ रोजी हैदराबादला मलेशियाविरुद्ध (१-१) झाला आणि दुसरा मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध (३-०). त्यांची स्मरणात राहिलेली कामगिरी बहुतेक सारी हवेतील चेंडूवरची आहे.

बचावपटूने कॉर्नरच्या वेळी पुढे जाणे यात नवल काही नाही. मागे उंच चेंडू दूर लोटण्याची जी झेप तो रोज घेतो, तीच झेप समोरच्या गोलपुढे उपयोगी पडते. रियाधचा गोल हा एका अर्थाने बचावाचेच कौशल्य होते; फक्त मैदानाची बाजू बदलली होती. तथापि दप्तराला कौशल्य दिसत नाही, परिणाम दिसतो.

या बाबतीत भेके यांच्यामागे एक मोठी परंपरा आहे. भारताचा सर्वांत नावाजलेला बचावपटू म्हणून जर्नैल सिंग यांचे नाव घेतले जाते. त्यांची कोणती गोष्ट सांगितली जाते? ४ सप्टेंबर १९६२ रोजी जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला भारताने २-१ असे हरविले. डोक्याला जखम झाल्यामुळे जर्नैल यांना त्या सामन्यात आक्रमक म्हणून पुढे खेळविले होते, आणि दोन गोलांपैकी एक त्यांचा होता. म्हणजे श्रेष्ठ बचावपटूची सर्वांत प्रसिद्ध कथा ही तो बचाव करीत नसतानाची आहे! त्याच सुवर्णविजेत्या संघातील मुंबईच्या टाटा क्लबचे हाफबॅक फॉर्च्युनातो फ्रँको यांनी गोल केला नाही. २०२१ मध्ये ते वारले तेव्हा नव्या पिढीतील किती जणांना त्यांचे नाव ठाऊक होते, हे विचारावयास हवे.

यावर असे म्हणता येईल की खेळाचे हे सार्वत्रिक लक्षणच आहे. पाहणारा जे घडते तेच पाहणार. हे म्हणणे मान्य करता येत नाही, आणि त्याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. कबड्डीत चढाई करणाऱ्याला गुण मिळतात तसे पकड करणाऱ्या संघालाही मिळतात. कोपरारक्षकाने घोटा धरला की तो गुण त्याच्या नावावर लागतो. खो-खो तर याहून पुढे गेला. तेथे पळणारा खेळाडू किती मिनिटे, किती सेकंद बाद झाला नाही हे घड्याळ लावून मोजतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याच्या नावापुढे ती वेळ छापून येते. बाद न होणे ही तेथे स्थिती नसून मोजलेली कामगिरी आहे. अपघाताविना गेलेल्या दिवसांची पाटी आणि खो-खोचा गुणतक्ता यांच्यामागील बुद्धी एकच आहे. फुटबॉल ज्या समाजात वाढला त्याने आपल्या दप्तरात हा रकाना ठेवला नाही, एवढेच.

अलीकडे तो रकाना भरण्याचा यत्न होत आहे. अडविलेले पास, हिसकावलेले चेंडू, जिंकलेल्या हवाई झुंजी यांची गणना आता प्रत्येक सामन्यात होते. ही सामग्री स्वागतार्ह आहे, परंतु तिच्यावर विसंबणाऱ्या संशोधकाने सावध राहावे. जो बचावपटू चुकीच्या जागी उभा असतो त्यालाच पुष्कळदा धावत जाऊन चेंडू हिसकावावा लागतो, आणि त्याच्या नावावर आकडा चढतो. योग्य जागी उभ्या असलेल्याकडे चेंडू येतच नाही. दोह्याच्या पहिल्या रात्रीचे असे आकडे काढले तर फळीची धडपड दिसेल. फळीचे शहाणपण त्यांतून दिसेलच असे नाही. वयाच्या तिशीनंतर भेके बाजूवरून मध्यभागी आले, हे स्थित्यंतर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बाजूचा बचावपटू धावतो, मधला वाचतो. जानेवारी २०२४ मध्ये आशिया चषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध (०-२) ते झिंगन यांच्या जोडीने मध्यभागीच उभे होते. त्या स्पर्धेत भारताने तीनही सामने गमावले आणि एकही गोल केला नाही; तेथील बचावाविषयी लिहिताना त्यामुळे फार उदार होता येत नाही.

त्याच हंगामात ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानला ३-१ असे हरवून मुंबई सिटीने सुपर लीगचा चषक जिंकला, तेव्हा भेके कर्णधार होते. या सामन्यातील एकही गोल त्यांचा नव्हता. छायाचित्रांत चषक उंचावणारे तेच दिसतात, म्हणून या रात्रीची तरी नोंद राहिली. त्यानंतर ते पुन्हा बेंगळुरूकडे गेले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदी खालिद जमील यांची नेमणूक झाली, मुंबई एफ. सी. मधील तेच जमील.

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यातील फुटबॉलविषयी पुढे कोणी लिहावयास घेतले तर दोन गोष्टी प्रथम ध्यानात ठेवाव्या लागतील. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्यापूर्वीचे येथील खेळाडू ठाणे जिल्ह्याच्या कागदांत मोडतात. दुसरी गोष्ट पद्धतीची. गोल करणाऱ्यांची नावे ढालींवर, वर्तमानपत्रांच्या कात्रणांत किंवा लोकांच्या तोंडी कोठे ना कोठे सापडतील. वसाहतींच्या आणि गावांच्या संघांत मागे खेळलेल्या माणसांकडे मात्र स्वतः जाऊन बसावे लागेल. ही माणसे आपल्या गोलांविषयी सांगू लागतील, कारण आठवणीलाही तेच वळण पडलेले असते. विचारणाऱ्याने ते ऐकून घ्यावे, आणि मग तो कोणता सामना होता की ज्यात समोरचा नावाजलेला आक्रमक दिवसभर त्यांच्या बाजूने फिरकलाच नाही, हे विचारून ते उत्तर तारखेसह उतरवून घ्यावे.